ब्लीडर निप्पलचं डोकं गोल झालं, आटे गेले: आता पुढे काय?

ब्रेकमधलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायला जो छोटा निप्पल असतो, त्या ब्लीडर निप्पलला पाना लावायच्या आधी एक फोन करा. निप्पल तुटला तर तो ज्यात बसतो तो भागच बदलावा लागतो, म्हणून आपल्या गाडीचा मागचा व्हील सिलिंडर किंवा पुढचा कॅलिपर आज गावात मिळेल का, एवढंच दुकानदाराला विचारा. आहे म्हणाला तर कामाला लागा. दोन दिवसांनी येईल म्हणाला आणि तुम्हाला उद्याच तुळजापूरला जायचं असेल, तर पाना डब्यात ठेवा आणि चहा घ्या.

मी फोन केला नव्हता. नवरात्राच्या आधीचा शनिवार, संध्याकाळची वेळ. जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. तुळजापूरचा घाट चढायचा-उतरायचा म्हणून म्हटलं ब्रेक ऑइल बदलून टाकू. जुळे सोलापुरात घरासमोर गाडी उचलली, पुतण्याला पेडलवर बसवलं आणि मागच्या डाव्या चाकाच्या निप्पलला ८ नंबरचा रिंग पाना घातला. निप्पल हलला नाही. जोर वाढवला. पाना फिरला, निप्पल तिथंच. पुतण्या आतून विचारतोय, "काका, सोडू का पेडल?" मग फिक्स पाना, मग ग्रिप प्लायर. अंधार पडेपर्यंत निप्पलचं डोकं चिंचोक्यासारखं झालं होतं.

सोमवारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या टर्नरकडे गेलो. एरवी यंत्रमागाचे सुटे भाग करतात. वयानं मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "फिरत नाही म्हणल्यावर कशाला जोर लावायलास बे?" पुढचं जे काही लिहितोय त्यातलं बरंचसं त्या सोमवारी आणि त्यानंतरच्या दोन-तीन गाड्यांवर कळलेलं आहे.

आधी हा निप्पल असतो कसा ते बघा

बाहेरून तो छोटा बोल्ट दिसतो, पण आतून पोकळ असतो. वरच्या टोकापासून मधोमध एक भोक खाली जातं आणि टोकाच्या थोडं वर आडव्या भोकातून बाहेर पडतं. अगदी खालचं टोक शंकूसारखं निमुळतं. निप्पल आवळला की हा शंकू कॅलिपरच्या आतल्या बैठकीवर घट्ट बसतो आणि ब्रेक ऑइलची वाट बंद होते. पाव-अर्धा आटा सैल केला की शंकू उचलला जातो आणि ऑइल आडव्या भोकातून वर येतं.

म्हणजे गळती थांबवायचं काम आटे करत नाहीत, शंकू करतो. आट्यांचं काम शंकूला दाबून धरायचं. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचे अर्धे निर्णय यावरच ठरतात. निप्पलमधून गळतंय म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे मी पाहिलेत. बैठक खराब असेल तर टेपनं काही होत नाही. ब्रेक जोरात दाबल्यावर त्या ओळीतला दाब टेपला जुमानत नाही.

पोकळ असल्यामुळे तो नाजूक असतो. लहान गाड्यांत निप्पलचे आटे बहुधा ७, ८ किंवा १० मिलिमीटरचे आणि डोकं ७ ते ११ नंबरच्या पान्याचं. त्या जाडीतून मधलं भोक वजा केलं की भिंत किती उरते याचा अंदाज करा. त्यात निप्पल पोलादाचा आणि कॅलिपर किंवा सिलिंडर पुष्कळदा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, की गंज दोघांना चिकटवून टाकतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात ती चाकाच्या आत बसते, निप्पलच्या बुडाशी गोळा होते आणि वरून सुकली तरी आत ओल धरून ठेवते. निप्पलवरची रबरी टोपी हरवलेली असेल तर मधल्या भोकातही तीच माती.

तुमचं नेमकं काय बिघडलंय?

निप्पल गेला म्हणताना लोक चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. पहिली, डोकं शाबूत आहे पण फिरत नाही. दुसरी, डोक्याचे कोपरे गेले, पाना घसरतो. तिसरी, डोकं तुटून हातात आलं आणि बुडखा आत राहिला. चौथी, निप्पल गोल गोल फिरतो पण आवळत नाही, म्हणजे आटे गेले. यातल्या पहिल्या दोन घरी सुटू शकतात, तिसरी बहुधा टर्नरकडे जाते आणि चौथीला सुटा भाग बदलणं हाच शहाणपणा.

आणखी एक गोष्ट मला त्या शनिवारी कुणीतरी सांगायला हवी होती. निप्पल फिरत नाही, पण गळतही नाही आणि पेडल कडक आहे, तर गाडी चालवायला काही हरकत नसते. जाम निप्पलमुळे ब्रेक लागायचे थांबत नाहीत. ऑइल बदलायचं काम आठ दिवस पुढे गेलं तर आकाश कोसळत नाही. गळत असेल, ओलं दिसत असेल, पेडल मऊ लागत असेल, तर मात्र गाडी जागेवरून हलवायची नाही. गॅरेज दोन गल्ल्या सोडून असलं तरी टो करून न्या.

तयारी

सपाट जागा. मागचं चाक उचलणार असाल तर पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. मागचा ड्रम काढायचा असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे दगडांवर खरोखर भरवसा ठेवता आला पाहिजे. जॅकवर गाडी तोलून खाली हात घालायचा नाही. घोडी (जॅक स्टँड) लावा, ती नसेल तर हे काम करू नका. विटा चालत नाहीत, फुटतात.

वेळ सकाळची निवडा. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेलेला असतो आणि उन्हात उभी असलेली गाडी हात लावू देत नाही. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर डिस्क आणि ड्रम निवू द्या.

ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतं. लगेच पाण्यानं धुवायचं असतं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे भरलेली बादली आधीच शेजारी ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे हातमोजे.

हत्यारं: तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, लहान हातोडी, सहा पैलूंचं सॉकेट, चांगला ग्रिप प्लायर, निप्पलच्या भोकात जेमतेम जाईल असं एक ड्रिल बिट, आणि नवा निप्पल. नवा निप्पल आधीच आणून ठेवा. जुन्याची लांबी आणि आटे त्याच्याशी जुळतात का ते जुना बाहेर आला की शेजारी धरून बघा. दिसायला सारखे आणि आट्याची चाल (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी, असे निप्पल बाजारात सर्रास एकाच डब्यात असतात.

अर्ध्या गॅरेजांत एक सवय दिसते, डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोलनं ब्रेकचे भाग धुण्याची. बाहेरची लोखंडी पट्टी धुवा हवं तर. पण व्हील सिलिंडर आणि कॅलिपरच्या आतलं रबर खनिज तेलानं फुगतं, मऊ पडतं आणि नंतर ब्रेक अडकतो. आतले भाग फक्त ताज्या ब्रेक ऑइलनं, स्पिरिटनं किंवा ब्रेक क्लीनरनं धुवायचे. गंजाचा स्प्रेही मोजकाच, निप्पलच्या बुडाशी. भोकात नाही.

डोकं शाबूत आहे तोवर

इथं घाई केली म्हणून पुढचे सगळे टप्पे वाट्याला येतात, तेव्हा इथं रेंगाळा.

तारेच्या ब्रशनं निप्पलचं बूड घासून काढा, माती आणि गंजाचा पापुद्रा निघेपर्यंत. वरचं भोक टाचणीनं मोकळं करा. बुडाशी स्प्रेचे दोन थेंब सोडा आणि निघून जा. खरंच निघून जा. रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा, दुपारी काम करा. मी शनिवारी स्प्रे मारून पाच मिनिटांत पाना घातला होता. तेवढ्या वेळात तेल पहिल्या आट्यापर्यंतही पोचत नाही.

मग सहा पैलूंचं सॉकेट घाला. बारा पैलूंचा रिंग पाना नाही, आणि फिक्स पाना तर नाहीच. बारा पैलूंचा पाना डोक्याला कोपऱ्यांवर धरतो, सहा पैलूंचा सपाट बाजूंवर, आणि गोल होतात ते कोपरेच. सॉकेट पूर्ण बसलं की त्याच्या पाठीवर हातोडीचे हलके, सरळ दहा-बारा ठोके. निप्पलच्या बाजूला कॅलिपरच्या अंगावरही थोडे ठोके. गंजाची पकड या कंपनांनी सुटते, जोरानं नाही.

आता आधी आवळा. हो, आवळा, अगदी केसभर. ती हालचाल झाली की गंजाचा थर तडकतो. मग सैल करा. हलला की पुन्हा थोडा आवळा, स्प्रे, पुन्हा सैल. पुढे-मागे, पुढे-मागे. छोटा हँडल वापरा. लांब पाइप जोडून ताकद वाढवली की निप्पल फिरत नाही, तुटतो. पाना फिरायच्या आधी एक मऊपणा जाणवतो, जणू निप्पल मेणाचा आहे. तो जाणवला की लगेच थांबा. धातू पिळवटतोय, पुढच्या क्षणी डोकं हातात येईल.

अजूनही नाही? मग उष्णता. पण कुठली गाडी, कुठला भाग, ते बघून. हीट गननं कॅलिपरचं अंग तापवा, निप्पल नाही. अंग फुगलं की भोक जरा मोठं होतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडून जातो, तिथं थांबायचं. त्यापुढे आतलं रबर धोक्यात येतं. मागच्या व्हील सिलिंडरला तर रबरी कप भिंतीला चिकटूनच असतात, त्यामुळे सिलिंडर तापवला म्हणजे किट, म्हणजे आतले रबरी भाग, बदललंच पाहिजे असं धरून चाला. गॅसची ज्योत फक्त गाडीवरून काढलेल्या, रिकाम्या केलेल्या कॅलिपरला, आणि तेव्हाही आतली रबरं नवी टाकायची तयारी ठेवून. ब्रेक ऑइल पेट घेतं. त्याहून वाईट म्हणजे, ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नेलं तर काही क्लीनरमधल्या क्लोरीनच्या द्रावणातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. क्लीनर आणि आग एका दिवसात एकाच जागी आणू नका.

कोपरे गेले, पाना घसरतो

आता मेट्रिक-इंच असा भेद विसरा. ८ नंबरच्या डोक्याला ५/१६ इंचाचं सॉकेट बघा. ते ७.९४ मिलिमीटर असतं, म्हणजे जराच घट्ट. डोकं जास्त घासलेलं असेल तर ७ नंबरचं सॉकेट हातोडीनं ठोकून बसवा. १० नंबरच्या डोक्याला तसंच ३/८ इंचाचं, ९.५३ मिलिमीटरचं. सॉकेट ठोकून बसतं तेव्हा दोन कामं होतात, नव्या कडा कापल्या जातात आणि ठोक्यांनी गंजही सुटतो. माझा निप्पल या पद्धतीनं सुटला असता, जर मी आधी ग्रिप प्लायरनं त्याचा चिंचोका केला नसता.

गोल झालेल्या बोल्टसाठी आतून उलट्या पेचाच्या धारा असलेली खास सॉकेटं मिळतात. सैल करायच्या दिशेनं फिरवलं की ती आणखी चावतात. एकदा घेऊन ठेवली की शेजारीपाजारी मागायला येतात, हा एक तोटा.

ग्रिप प्लायर वापरायचाच असेल तर त्याआधी निप्पलच्या भोकात ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग घाला, जेमतेम बसेल असा. निप्पल पोकळ आहे. आधार नसताना जबडा दाबला की नळी चपटते, चपटली की आटे फुगतात आणि निप्पल आणखी जाम होतो. आत पोलादी कांडी असली की दाब सगळा बाहेरच्या पकडीत जातो. प्लायर डोक्यावर नाही, डोक्याखालच्या जाड गोल भागावर, जमेल तितका बुडाजवळ. आणि तो इतका घट्ट की बंद करताना तळहात दुखला पाहिजे. पहिल्याच वेळी घसरला तर तिथंच थांबा. दुसऱ्यांदा घसरला की पकडायला काही उरत नाही.

डोकं तुटलं

इथं मी हत्यारं खाली ठेवतो आणि भाग काढून अण्णांकडे नेतो. पण तिथं काय होतं ते माहीत असावं, म्हणजे कुणी भलतंच करत असेल तर थांबवता येईल.

बुडखा थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड करतात. वेल्डच्या उष्णतेनं आटे सैल होतात आणि निवल्यावर नटाला पाना लावून बुडखा बाहेर येतो. पोलादी निप्पल आणि बिडाचा कॅलिपर असेल तर ही पद्धत छान चालते. आतलं रबर आधी काढलेलं हवं.

बुडखा आत असेल तर ड्रिल. उलट्या दिशेनं कापणारं बिट मिळालं तर उत्तम, कारण कापता कापता ते बुडखा सैल करायच्याच दिशेनं ओढतं. अनेकदा अर्ध्या वाटेत बुडखा आपणच फिरून वर येतो. मधलं भोक आधीच असल्यामुळे बिटला वाट आयती मिळते, मात्र वरचा भाग कानशीनं सपाट करून घ्यायचा. खोली हा खरा धोका. नवा निप्पल शेजारी धरून त्याचे आटे कुठवर आहेत ते मोजा, तेवढ्या खोलीवर बिटला चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्या पुढे एक मिलिमीटरही जाऊ नका. खाली बैठक आहे. तिला बिट लागलं की तो कॅलिपर गेला, मग आटे कितीही सुंदर पाडा.

ईझी-आउट नावाचा निमुळता उलट्या पेचाचा काढणारा पुष्कळ जण हातात घेतात. पोकळ बुडख्यात तो पाचरीसारखा घुसतो, पातळ भिंत बाहेर फाकवतो आणि आटे अधिकच आवळतात. शिवाय तो स्वतः कडक आणि ठिसूळ. आत मोडला तर साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा पाडत नाही. अण्णांच्या टेबलाखाली एक डबा आहे, त्यात मोडलेले ईझी-आउट अडकलेले भाग ठेवलेत. लोकांनी आणून दिलेले आणि परत न्यायला कुणी न आलेले.

बुडख्याची फक्त पातळ साल उरली की ती टोचणीनं उचलतात आणि आटे टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारानं, साफ करतात. ८ मिलिमीटर, १.२५ चालीच्या आट्यांसाठी ६.८ चं ड्रिल, ७ बाय १ साठी ६ चं, १० बाय १ साठी ९ चं. त्याहून मोठं भोक पाडलं की आट्यांना मांसच राहत नाही. आणि चुरा! एवढा सगळा लोखंडाचा चुरा आतल्या वाटेत पडलेला असतो. पिस्टन काढून, सगळ्या वाटा स्पिरिटनं आणि हवेनं साफ केल्याशिवाय तो कॅलिपर गाडीवर चढवायचा नाही. गाडीवरच ड्रिल मारून वर ऑइल भरणारा मिस्त्री दिसला तर गाडी घेऊन निघा.

आटेच गेले

निप्पल आवळताना गोल गोल फिरतोय. आधी तो काढून बघा. आटे निप्पलचे गेले असतील तर नशीब, नवा घाला, काम झालं. कॅलिपरचे गेले असतील तर दोन मार्ग सांगितले जातात. एक, तारेचं स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवून मूळ मापाचे आटे परत आणणं. दुसरा, मोठे आटे पाडून मोठा निप्पल घालणं.

पहिला तत्त्वतः चालतो, कारण गळती शंकू थांबवतो, आटे नाही. पण भोक बैठकीच्या अगदी मध्यावर राहिलं पाहिजे आणि इन्सर्टच्या खाली बैठक अख्खी राहिली पाहिजे. हातातल्या ड्रिलनं हे जमत नाही, मशिनवर पकडून करावं लागतं. दुसऱ्यात मोठ्या निप्पलसाठी बैठकही नव्यानं कापावी लागते. भाग मिळतच नाही अशा जुन्या गाडीसाठी मी चांगल्या टर्नरकडून पहिला मार्ग करून घेईन. रोज चार माणसं बसतात त्या गाडीत नाही. मागच्या ड्रमचा व्हील सिलिंडर हा ब्रेकमधल्या स्वस्त भागांपैकी एक आहे. त्यासाठी अर्धा दिवस ड्रिल मारत बसणं म्हणजे फाटक्या चपलेला चांदीचा अंगठा.

एम-सील, लोखंडी पुट्टी, चिकट द्रव, यांबद्दल बोलतच नाही. एका चाकाचा पाइप ठोकून बंद करून "तीन चाकांवर चालतंय की" म्हणणारेही भेटतात. पावसात घाट उतरताना ती गाडी एका बाजूला ओढेल तेव्हा तो मिस्त्री शेजारी बसलेला नसतो.

व्हील सिलिंडर बदलताना

माझ्या गाडीचा शेवट हाच झाला. ड्रम काढला, ब्रेक शू आणि स्प्रिंगांचा मोबाइलवर फोटो काढला (दुसरं चाक अख्खं ठेवा, जोडताना बघायला उपयोगी पडतं), शू बाजूला केले. मागून सिलिंडरला दोन बोल्ट आणि ब्रेकच्या पाइपचा एक नट असतो. हा नट पुढचा निप्पल समजा. तोही जाम असतो, तोही गोल होतो आणि तो फिरताना पाइपही बरोबर पिळला गेला तर नवा पाइप आला. याला पाइपसाठी खाच असलेला फ्लेअर नट पाना लागतो. तो नसेल तर उसना आणा. पाइपचा नट आधी सैल करा, सिलिंडरचे बोल्ट नंतर, म्हणजे सिलिंडर घट्ट धरलेला असताना जोर लावता येतो.

पाइप सुटला की वरच्या डब्यातलं ऑइल थेंब थेंब गळत राहतं. त्यावर एक युक्ती. ब्रेक पेडल दीड-दोन इंच दाबून एखाद्या काठीनं सीटच्या आधारानं तसंच अडकवून ठेवा. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो, डब्याकडची वाट बंद होते आणि गळती जवळपास थांबते. फक्त ब्रेक लाइट तेवढा वेळ पेटलेला राहतो, म्हणून बॅटरीची एक तार काढा. मी काढली नव्हती. दोन तासांनी गाडी सुरू होईना.

पुढच्या कॅलिपरला रबरी नळी जोडणारा पोकळ बँजो बोल्ट असतो. जोडताना दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. जुने एकदा चेपलेले असतात, पुन्हा नीट बसत नाहीत.

हवा काढणं

नवा निप्पल बसवताना आट्यांना ब्रेकच्या रबर ग्रीसचा अगदी पुसट हात, टोकाच्या शंकूला काही नाही. मॅन्युअलमध्ये आवळायचं माप दिलेलं असतं. लहान निप्पलला ते साधारण ७ ते १० न्यूटन मीटर इतकंच असतं. म्हणजे छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरानं. खांदा वापरला की पुढच्या खेपेला पुन्हा हा लेख उघडावा लागेल.

निप्पलवर पारदर्शक नळी घाला, तिचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं. पेडलवर एक माणूस. आमच्या घरात तीन शब्द ठरलेत. मी "दाब" म्हणतो, पुतण्या दाबून "धरला" म्हणतो, मी निप्पल सोडतो, पेडल खाली जातं, मी निप्पल बंद करतो आणि मगच "सोड". निप्पल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. दर चार-पाच दाबांनी वरच्या डब्यात ऑइल घाला, ते किमान रेषेखाली कधीच जाऊ द्यायचं नाही.

चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. मॅन्युअल नसेल तर जुना नियम, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत ब्रेकच्या ओळी तिरप्या जोडलेल्या असतात आणि कंपनी वेगळा क्रम सांगते. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत डबा रिकामा होऊ दिला आणि हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली, तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो. ते काम घरी होत नाही.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासही. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली जुनी बाटली म्हणून नको. निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या.

सगळं झालं की इंजिन सुरू करून पेडल पूर्ण ताकदीनं मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली जातंय का? प्रत्येक निप्पल, पाइपचा नट, नळीचा जोड कोरड्या पांढऱ्या कापडानं पुसून बघा. कापड ओलं झालं तर पुन्हा सुरुवात. कोरडं असेल तर गल्लीत पायी चालायच्या वेगानं दोनदा ब्रेक लावा, मग मोकळ्या रस्त्यावर जरा वेगानं. घरी येऊन पुन्हा कापड. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी आणखी एकदा, आणि डब्यातली पातळी.

शेवटचं काम दुकानात. निप्पलच्या चार रबरी टोप्या मागा. मी मागितल्या तेव्हा दुकानदारानं आधी विचारलं, "कशाच्या?" मग ड्रॉवर उपसून धुळीतून काढून दिल्या. गेल्या पावसाळ्यात चारी बाजूंनी काळी माती उडाली. परवा टोपी काढून सॉकेट लावलं, निप्पल एका बोटानं फिरला.